बोट बाहेर

१

उस्तादांना मेलेलं पाहिलं तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर चढवलेला होता. माणूस खुर्चीसकट मागे कलंडलेला, छातीवरचा शर्ट भिजून काळा झालेला, आणि चष्मा मात्र जागच्या जागी. मला त्या चष्म्याचाच राग आला. माझा स्वभावच तसा आहे. मोठं दुःख समोर आलं की मी बारीकसारीक गोष्टींवर चिडतो.

मी आमच्या नेमबाजी क्लबचा चिटणीस. क्लब म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, समोर मातीचा बंधारा, बाजूला माझं ओलसर ऑफिस आणि शेडच्या मागच्या अंगाला उस्तादांचं वर्कशॉप. आमच्याकडे झटपट पिस्तुलाचा खेळ चालतो. समोर ओळीनं पाच निशाण्या उभ्या, चार सेकंदांत पाचही टिपायच्या. नेम सगळ्यांचाच चांगला असतो. भांडण असतं ते वेळेशी. म्हणून प्रत्येक खेळाडू पिस्तूल घेऊन उस्तादांकडे यायचा. कुणाची स्प्रिंग बदल, कुणाची मूठ कोर, कुणाचा चाप बोटाच्या मापानं पुढेमागे कर. उस्ताद प्रत्येकाला एकच ऐकवायचे, "वेग पिस्तुलात नसतो बाबा, डोळ्यात असतो. मी फक्त पिस्तुलाला तुझ्या आडवं येऊ देत नाही."

त्या दिवशी आभाळ सकाळपासून मळकट होतं आणि हवेत गारठा होता. शेडमध्ये आम्ही तिघंच. मी, कप्तान आणि कोच. कप्तान आमच्या संघाचा पहिला नेमबाज, आणि निवड चाचणी तोंडावर आलेली. कोचनी चहाचा थर्मास माझ्यापुढे धरला. "झाकण काढ रे जरा, हाताला घाम आलाय." मी काढून दिलं. कप भरून ते म्हणाले, "उस्तादला देऊन येतो," आणि आधी ऑफिसात कुणाचा तरी फोन घ्यायला वळले.

कप्तानानं एक फेरी झाडली. मी त्याच्या खांद्यामागे घड्याळ घेऊन उभा होतो. आवाज विरल्यावर मी म्हटलं, "काय रे, पाचाच्या जागी सहा झाडल्यास की काय?"

"पत्रा घुमतो काका," तो म्हणाला. "आणि तुमचे कान आता निवृत्तीला आलेत."

मी हसलो. थोड्या वेळानं मागून कोचची किंकाळी आली.

आम्ही धावत गेलो. कोच उस्तादांपाशी गुडघे टेकून बसले होते, चहा फरशीवर पसरला होता. बाकावरच्या रबरी चटईवर पिस्तूल ठेवलेलं. गोळ्यांचं मॅगझिन काढून शेजारी, पिस्तुलाच्या पाठीवरची सरकती स्लाइड मागे अडकवलेली, उघडी बाजू वर, आणि आत नारिंगी दोरी. आमच्या खेळात पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसावं म्हणून ती दोरी खुपसतात.

"त्याच्या मांडीवर पडलं होतं," कोच म्हणाले. "मीच उचललं. मीच उघडलं. आधी पिस्तूल, मग माणूस. जन्मभर पोरांना हेच शिकवलं ना."

पिस्तूल कोचच्या मुलीचं होतं.

२

कोचच्या मुलीला क्लबात सगळे वीज म्हणतात. बारीक चणीची, अबोल पोर. रेंजवर ती बापालाही इतरांसारखं "सर" म्हणायची. मधल्या काही महिन्यांत तिचा वेग असा वाढला होता की कप्तानाची झोप उडाली होती. दोघांतल्या एकालाच संघात जागा होती.

पोलिसांना कोडं पडलं नाही. विजेनं सकाळी पिस्तूल दुरुस्तीला टाकलं आणि ती घरी गेली. उस्तादांनी चाप फाजील हलका केला, भरून पाहिलं, आणि सुटलं. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले, बोट हलवायलाही वेळ मिळाला नसणार. त्या गडबडीत डोकं शाबूत ठेवल्याबद्दल इन्स्पेक्टरनी कोचची पाठ थोपटली.

आमच्या कमिटीला तर सुटल्यासारखं झालं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. ठराव तयार झाला: मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, सबब वर्कशॉप बंद करण्यात यावे. मी चिटणीस, त्यामुळे तो टाइप करायचं काम माझ्याच नशिबी आलं. "निष्काळजीपणामुळे" या शब्दाशी माझी बोटं अडली. या माणसानं एकदा मला दोन तास बाहेर बसवलं होतं, कारण मी त्यांच्या बाकावरून पिस्तूल उचलताना तोंड दाराकडे केलं होतं.

त्याच दुपारी उस्तादांची लेक ऑफिसात आली. ती बापाच्या शेजारी बसून लाकडी मुठी कोरायची. एकदा हात हातात घेतला की त्या हाताची मूठ बिनचूक उतरवायची. पंचबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पंचबाई पेशानं दातांच्या डॉक्टर, आणि स्पर्धांत चाप नियमापेक्षा हलका नाही ना हे वजन टांगून पाहणाऱ्या पंच. त्यांच्यासमोर तोंड उघडायला मी दोन्ही ठिकाणी घाबरतो.

लेकीनं एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"हा बाबांच्या दाराबाहेरचा. आत यायचं तर खिशातली काडतुसं आधी यात टाकायची, जाताना घेऊन जायची. तुम्हाला माहीत आहे काका."

"माहीत आहे. मला कायम खिसे उलटे करून दाखवायला लागायचे, आणि मी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही."

"बाबांनी आत काडतूस नेलं असं सगळे म्हणताहेत. ज्या माणसानं हा डबा ठेवला, त्यानंच?" तिनं डब्याचं झाकण तळव्यानं दाबलं. "वर्कशॉप गेलं तर जाऊ दे, मी दुसरीकडे कोरीन. पण त्यांच्या नावापुढे निष्काळजी लिहू नका. काहीही लिहा, ते नको."

पंचबाईंनी डबा हलवला. तो वाजला. त्यांनी झाकण काढलं. आत मूठभर काडतुसं होती.

"मी आजच उघडला," लेक म्हणाली. "बाबा रोज सकाळी रिकामा करून पुसून ठेवायचे."

पंचबाई म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी कुणीतरी आत गेलं. नियमानं काडतुसं ठेवून गेलं. आणि बाहेर पडताना ती न्यायचं विसरलं."

३

कप्तान? त्याची काडतुसं त्याच्या पुढ्यातल्या ट्रेमध्ये होती, माझ्या डोळ्यांदेखत. कोच? त्यांनी नेमबाजी सोडून वर्षं झाली. त्यांच्या खिशात शिट्टी आणि आवळासुपारीसारखी कसलीतरी पुडी असते. वीज? ती म्हणते सकाळी पिस्तूल ठेवून गेली, आणि सकाळी तर डबा घेऊन स्वतः उस्तादच दारात उभे असणार. काडतुसं सगळ्यांना क्लबच्याच साठ्यातून मिळतात, त्यामुळे ती पाहून मालक कळायचा नाही.

"तुम्ही चष्म्याचं काय म्हणत होतात?" पंचबाईंनी मला विचारलं.

"काही नाही. कपाळावर होता. मला उगाच राग आला."

"तो चष्मा त्यांना कशाला लागायचा?"

"जवळचं काम करायला," लेक म्हणाली. "कुणी बोलायला आलं की वर सरकवायचे. जवळच्या चष्म्यातून माणसाचं तोंड धूसर दिसतं म्हणायचे." बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

इन्स्पेक्टरना तज्ज्ञाचं मत कागदावर हवंच होतं. दुसऱ्या दिवशी चौकीतल्या टेबलावर ते पिस्तूल पंचबाईंसमोर उघडं पडलं. त्यांनी पर्समधून दात तपासायचा छोटा गोल आरसा काढला. चौकीतला हवालदार गालावर हात ठेवून मागे सरकला, त्याची दाढ दुखत असणार.

"हे बघा चिटणीस. घोडा या खाचेत अडकून बसतो. चाप ओढला की खाच सरकते, घोडा सुटतो, गोळी उडते. खाच जितकी उथळ, तितका चाप कमी ओढायला लागतो, तितका वेळ वाचतो. वेगासाठी हपापलेले लोक ही खाच घासतात."

"पण मग वजनात पकडलं जातं ना? तुम्ही चापाला वजन टांगता तेव्हा?"

"तेच तर." त्यांचा चेहरा आंबला. "इथे खाच घासून नावापुरती ठेवली आहे, आणि वरची स्प्रिंग आवळली आहे. वजन बरोबर भरतं. मागच्या स्पर्धेत मीच शिक्का मारला असेल." त्यांनी आरसा आत धरला. "उस्ताद अशा जागी दगड फिरवायचे, एकाच दिशेनं, आरशासारखं करायचे. इथे आडवेतिडवे ओरखडे आहेत. कानशीचे. आणि तेही कसल्या, नखं घासायच्या कानशीचे असावेत."

"मग धोका काय? चाप तर तेवढाच जड आहे."

"धोका असा, की घोडा खाचेच्या कडेवर कसाबसा टेकलेला असतो. गोळी भरताना स्लाइड जोरात पुढे आदळली तर बोट न लावताही सुटू शकतो." त्यांनी आरसा पुसून आत ठेवला. "उस्तादांनी हे केलं नाही. त्यांनी हे पकडलं."

घरी येताना माझ्या डोक्यात तो पत्र्याखालचा आवाज पुन्हा घुमला. पाच आणि एक. माझे कान निवृत्तीला आले नव्हते.

४

सहावा आवाज म्हटल्यावर पंचबाईंनी मला तीनदा तेच सांगायला लावलं.

"म्हणजे गोळी सुटली तेव्हा कप्तान तुमच्या हाताच्या अंतरावर होता."

"त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता मला."

"तो सुटला. पण मला त्याच्याशी बोलायचंय. आदल्या दिवशी उस्तादांशी त्याचं वाजलं होतं, असं शेडचा झाडूवाला सांगतो."

कप्तान क्लबच्या पायरीवर बसला होता, मूठ उघडबंद करत. आधी गुरगुरला, मग मोकळा झाला.

"हो, भांडलो. मी म्हटलं, माझा चाप आणखी छोटा करून द्या, मला वेळ पुरत नाही. ते म्हणाले, छोटा केला तर धोक्याचा होईल, करणार नाही. वेग डोळ्यात असतो वगैरे. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, मग विजेला कसा करून दिलात? तिचा चाप हलतो तरी का? मी तिच्या शेजारी उभा राहतो, मला दिसतं."

"मग?"

"मग त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. म्हणाले, मी तिला काही करून दिलेलं नाही." कप्तानानं मान खाली घातली. "बाई, मी उस्तादांना शिव्या घातल्या. शेवटचं बोलणं तेच."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचा हेवा वाटायचा, पण त्या वेळी फक्त वाईट वाटलं.

पुढचं सरळ होतं. कप्तानाच्या तोंडून निसटलं, म्हणून उस्तादांनी विजेला पिस्तूल ठेवून जायला सांगितलं. चष्मा लावून त्यांनी खाच पाहिली. मग कुणीतरी आलं, आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मग कोच का नसतील?" मी विचारलं. "ते तेव्हा मागेच होते. पोरीची चोरी पकडली गेली म्हणून..."

"ते असू शकतात," पंचबाई म्हणाल्या. "पण पिस्तूल उघडून दोरी घालून ठेवलेलं होतं, चिटणीस. त्यांनी मारलं असतं, तर ते त्यांनी उस्तादांच्या मांडीवरच टाकून ठेवलं असतं. अपघात म्हणून तेच शोभलं असतं. मारणाऱ्यानं असं नीटनेटकं का ठेवावं?"

"सवय?"

पंचबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी आयुष्यात त्यांना पहिल्यांदा शहाणा वाटलो असेन.

५

कोचच्या घरी दिवे लावले नव्हते. संध्याकाळ खोलीत शिरून बसली होती आणि बाप-लेक दोन टोकांना. विजेच्या मागच्या भिंतीवर कागदी निशाणी चिकटवलेली होती. रिकाम्या पिस्तुलानं घरी सराव करायचा, हात उचलायचा, चाप दाबायचा, पुन्हा उचलायचा, असं हजारो वेळा करून हाताला वळण लागतं. क्लबनं तिला दुसरं पिस्तूल दिलं होतं. ते पेटीतून बाहेर निघालेलं दिसत नव्हतं.

"सराव नाही?" पंचबाईंनी विचारलं.

"हात उचलत नाही," वीज म्हणाली.

कोच मधे पडले. "तिला काही विचारू नका. ती सकाळी पिस्तूल देऊन आली. बाकी सगळं मी पाहिलं, मी सांगितलं. माझा मित्र होता तो. त्याची चूक झाली. चुकतो माणूस."

"उस्ताद चुकले?"

"वय झालं होतं." ते हे बोलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला त्यांचा संताप आला. हे दोघं एका ताटात जेवलेले, आणि मित्र गेल्यावर हा माणूस त्याच्या नावाला काळं फासायला निघालेला. मी काहीतरी लागट बोलणार होतो. तेवढ्यात कोचनी कोपऱ्यातली गोळ्यांची बाटली उचलली, झाकणाशी झटापट केली, आणि न बोलता हात बाजूला लांबवला. विजेनंही न बघताच बाटली घेतली, उघडली, परत दिली. दोघांनाही आपण काही केलं हे कळलं नसावं.

पंचबाई उठल्या. "उद्या सकाळी वर्कशॉपमध्ये या. दोघंही. ठराव मंजूर व्हायच्या आधी एकदा सगळं जागेवर पाहायचंय."

बाहेर आल्यावर त्या फाटकाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "थर्मासचं झाकण तुम्हीच काढून दिलंत ना त्या दिवशी?"

"हो. हाताला घाम आला होता त्यांच्या."

"इतक्या गारठ्यात?"

६

वर्कशॉप उस्तादांनी ठेवलं होतं तसंच होतं. बाकाशेजारी वाळूची बादली. पिस्तुलाचं तोंड कायम तिच्याकडे करायचं, ही त्यांची शिस्त. लेक दाराशी उभी होती. तिनं डबा पुढे केला आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं खिसे चाचपले. कप्तान भिंतीला टेकून होता. बाप-लेक बाकापाशी.

पंचबाईंनी क्लबचं एक पिस्तूल काढलं. "यात काही नाही. चिटणिसांनी पाहिलंय, मीही पाहिलंय." त्यांनी मॅगझिन बसवलं, स्लाइड पुढे सोडली आणि पिस्तूल कोचच्या हातात दिलं. "सर, तुम्ही त्या दिवशी आधी पिस्तूल सुरक्षित केलंत. तसंच करून दाखवा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, दोरी घाला. तोंड बादलीकडे."

"हे काय नाटक आहे?"

"करा ना. जन्मभर शिकवलंत."

कोचनी मॅगझिन काढलं. मग डाव्या हातानं स्लाइड पकडली. अंगठा घसरला. त्यांनी पुन्हा पकडली, दात आवळले. स्लाइड इंचभर सरकली आणि खाडकन परत गेली. त्यांचा अंगठा लुळा पडल्यासारखा लटकत होता. उजव्या हातात घेऊन पाहिलं, तोही तसाच. कप्तान मान वळवून भिंतीकडे बघू लागला. त्याला आठवत होतं, मलाही आठवलं, की कित्येक दिवसांत कोचनी स्वतः पिस्तूल उघडलेलं नव्हतं. "मला शिकवायचंय, तू कर," म्हणून ते पोरांकडून करून घ्यायचे. आम्ही त्याला पद्धत समजत होतो.

"सर," पंचबाई हळू म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा पिस्तूल आधीच उघडं होतं. उस्तादांनी ते ठेवलं नाही, त्यांना तेवढा श्वास मिळाला नाही. तुमच्या हातून ते भरलंही गेलं नसतं, उघडलंही गेलं नसतं. कप्तान चिटणिसांसमोर होता. तुम्ही ते पाहिलंत, आणि कुणाचे हात होते ते तुम्हाला कळलं. एखाद्या परक्यासाठी तुम्ही खोटं बोलला नसतात."

"मीच उघडलं," कोच म्हणाले आणि पुन्हा स्लाइड ओढू लागले. घाम त्यांच्या नाकावरून गळत होता. "दाखवतो ना. थांबा. दाखवतो. त्या दिवशी जमलं होतं." स्लाइडनं त्यांच्या अंगठ्याचं कातडं धरलं, रक्त आलं, तरी ते सोडेनात. बघवेना कुणाला.

वीज पुढे झाली. तिनं बापाच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. तोंड बादलीकडे, बोट सरळ, चापाच्या बाहेर. स्लाइड मागे, अडकवली. आत नजर, मग करंगळीनं चाचपणी. नारिंगी दोरी. चटईवर उघडी बाजू वर, मॅगझिन शेजारी, तिरकं. सगळं एका दमात, पाणी ओतावं तसं. हात खाली आले तेव्हा ती चटईकडे बघत होती. पिस्तूल त्या दिवशी होतं तसंच, त्याच जागी ठेवलं गेलं होतं.

"बाबा, पुरे," ती म्हणाली.

रेंजच्या आवारात तिनं त्यांना बाबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग ती उस्तादांच्या लेकीकडे वळली. आमच्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"खाच मी घासली होती. घरी. मला वाटलं थोडी घासली तर काय होतंय. आणि खरंच फरक पडला, मी पहिली यायला लागले. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून क्लबच्या मागच्या दारानं बोलावलं. मी खिशातली काडतुसं डब्यात टाकून आत गेले. म्हणाले, कुणाला सांगणार नाही, पण पिस्तूलही परत देणार नाही, नवी खाच बसवून देईन, तोवर खेळायचं नाही. चाचणी तोंडावर होती. मी म्हटलं, हे सुटत नाही, मी दाखवते. डब्यातून एक काडतूस घेऊन आले. ते नको नको म्हणत खुर्चीतून अर्धवट उठले. मी तोंड बादलीकडेच केलं होतं. मॅगझिन बसवलं. ते पिस्तूल घ्यायला वाकले आणि मी स्लाइड सोडली."

शेडमध्ये कुठेतरी पत्रा वाजला. लेकीनं बाकाची कड घट्ट धरली होती.

"काही बोलले का?" तिनं विचारलं. "शेवटी."

विजेचा चेहरा वाकडा झाला. "म्हणाले, बोट बाहेर ठेव." ती रडू लागली, तोंड न झाकता, लहान मुलासारखी. "बाहेरच होतं. खरंच बाहेर होतं. मी त्यांचं ऐकलं होतं."

"आणि मग पिस्तूल उघडून ठेवलंस," पंचबाई म्हणाल्या.

"मला माहीतच नाही मी कधी ठेवलं. घरी पोचल्यावर हाताला तेल लागलेलं दिसलं."

कोच उस्तादांच्या खुर्चीत बसले होते. घरी त्या दिवसापासून बाप-लेकीनं एकमेकांना काही विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ती सांगेल याची त्यांना भीती होती, आणि ते विचारतील याची तिला. आता ते उस्तादांच्या लेकीकडे बघत होते.

"तुमचा मित्र होता काका," लेक म्हणाली. "त्यांच्यावर ढकललंत."

"तो गेला होता," कोच म्हणाले. "ही उरली होती."

लेकीनं मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल, निदान मारायला तरी धावेल. तिनं बाकावरची चिंधी घेतली आणि कोचच्या अंगठ्यावरचं रक्त पुसलं. ते माफी म्हणून नव्हतं, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बापाच्या बाकावर रक्त पडू नये, एवढंच असावं.

७

वीज स्वतःच्या पायांनी चौकीत गेली. कोच तिच्याबरोबर गेले. कप्तानाला संघात जागा मिळाली. बातमी सांगायला तो ऑफिसात आला आणि न सांगताच बसून राहिला. मी त्याला चहा दिला.

ठराव मी फाडला. कमिटीनं नवा करायला सांगितला तेव्हा मी लेकीला विचारलं, काय लिहू. ती मूठ कोरत होती. म्हणाली, "ते काळजी घेत होते, एवढं लिहा." तेवढंच लिहिलं. वर्कशॉप चालू आहे. दाराबाहेरचा डबा ती रोज सकाळी रिकामा करून पुसून ठेवते.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी पंचबाई ओळीत उभ्या राहिलेल्यांना सूचना वाचून दाखवतात. तोंड बंधाऱ्याकडे, सांगितल्याशिवाय भरायचं नाही, आणि मग तिसरी सूचना. त्या सूचनेपाशी हल्ली त्या कागद खाली करतात आणि माझ्याकडे बघतात. मी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. पण ते दोन शब्द आता मीच म्हणतो, जरा मोठ्यानं, म्हणजे मागच्या वर्कशॉपपर्यंत ऐकू जातात.